संमती आणि ऋण

खांडवा-भुसावळ लोहमार्गावर, नेपानगरच्या जवळ, चांदनी नावाचे एक लहानसे स्थानक आहे. सातपुड्याच्या कुशीतील या गावी सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी आमचे मातामह रेल्वेच्या नोकरीनिमित्त कारवारकडून येऊन राहिले. नेपानगरच्या ज्या वृत्तपत्री कागदाच्या कारखान्याचे राष्ट्रार्पण पुढे १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, तो अद्याप सुरू व्हावयाचा होता. साग-सालईच्या त्या रानात पावसाळा सरता सरता घरोघर हिवतापाची अंथरुणे पडत. १९५१ च्या भाद्रपदात आमच्या आजीचा तीन वर्षांचा मुलगा अशाच तापात गेला. बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत ती त्यास मांडीवर घेऊन फलाटावर बसली होती. गाडी आली तेव्हा मूल नव्हते. त्याची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, तेव्हा नऊ वर्षांची होती आणि आईचा पदर धरून शेजारी उभी होती.

ही मावशी आज ऐंशी उलटून गेली आहे. बऱ्हाणपुरास राहते आणि दर श्रावणात एका शनिवारी चांदनीच्या मारुतीस येते. गेल्या श्रावणात आम्ही तिच्यासमवेत होतो. पोथी संपून प्रसाद वाटला गेल्यावर मंडपात गोष्टी निघाल्या. एका सद्‌गृहस्थांनी अभिमानाने सांगितले की, हिवतापावर लस निघाली असून ती आपल्या पुण्यात तयार होते व आफ्रिकेतील बालकांस टोचली जाते. सर्वांस आनंद झाला. मावशी मात्र आमच्याकडे वळून म्हणाली, "अरे, तू वकील ना? मग सांग, ते औषध लागू पडतं की नाही हे कळायच्या आधी पहिल्यांदा कुणाच्या लेकराला टोचलं? आणि त्याच्या आईनं कसं टोचू दिलं?"

आम्ही वकिली उत्तर दिले: "कायद्याप्रमाणे आईबापांची लेखी संमती घेतात." त्यावर ती एवढेच म्हणाली, "सही झाली म्हणजे सगळं झालं का रे?"

त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. त्याचे उत्तर आमच्या मगदुराप्रमाणे शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही लस म्हणजे काय ते पाहू. हिवतापाचा परजीवी डासाच्या दंशातून शरीरात शिरतो तेव्हा त्याच्या अंगावर एका विशिष्ट प्रथिनाचे आवरण असते. त्या प्रथिनाचा काही अंश घडविण्याची आज्ञा ज्या जनुकात लिहिलेली असते, तेवढाच भाग घेऊन शास्त्रज्ञ तो यीस्टसारख्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवात बसवितात. तो सूक्ष्मजीव मग परजीवीचे प्रथिन तयार करू लागतो. यासच पुनःसंयोजित प्रथिन असे म्हणतात. यात जिवंत परजीवी मुळीच नसतो. चोर घरात न येता त्याच्या अंगरख्याचा तुकडा तेवढा पहारेकऱ्यास दाखवावा, म्हणजे खरा चोर आल्यावर पहारेकरी त्यास ओळखील, अशी ही योजना आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात योजिलेली व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'आर-२१' ही लस याच प्रकारची असून जागतिक आरोग्य संघटनेने २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिची शिफारस केली.

परंतु पहारेकरी चोरास ओळखील की नाही, हे कागदावर ठरत नाही. उंदरांत वा माकडांत जे सिद्ध झाले ते माणसांत सिद्ध होईलच असे नाही, आणि एका देशातील माणसांत जे दिसले ते दुसऱ्या देशात दिसेलच असेही नाही. कोलंबियातील संशोधकांनी रासायनिक रीतीने बनविलेली 'एसपीएफ-६६' ही लस १९९० च्या सुमारास मोठ्या आशेचा विषय झाली होती. पुढे गांबियातील अर्भकांत व थायलंडमधील मुलांत तिची काटेकोर परीक्षा झाली, तेव्हा तिचा उपयोग दिसून आला नाही. ती परीक्षा झाली नसती, तर कित्येक आयांनी आपले मूल सुरक्षित झाले असे समजून मच्छरदाणीकडे दुर्लक्ष केले असते. न पारखलेले औषध सर्वांस देणे हाही एक प्रयोगच होय. फरक इतकाच की, त्या प्रयोगाची नोंद कोणी ठेवीत नाही व त्याचा जाब कोणास विचारता येत नाही. तात्पर्य, परीक्षा अपरिहार्य आहे. प्रश्न आहे तो परीक्षेचा भार कोणी वाहावा, आणि ज्याने तो वाहिला त्याच्याशी आपले नाते काय, हा.

हा भार आजवर कोणी वाहिला? आपल्याच देशातील एक उदाहरण घेऊ. परजीवी रक्तातील तांबड्या पेशीत शिरताना ज्या प्रथिनांचा उपयोग करतो, त्यांपैकी दोहोंचे अंश घेऊन दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी 'जैवॅक-१' नावाची लस सिद्ध केली. तिच्या पहिल्या मानवी परीक्षेचा वृत्तान्त २०१५ साली प्रसिद्ध झाला. हिवताप कधी न झालेले ४५ निरोगी पुरुष तीत सहभागी झाले. त्यांतील ३६ जणांस तीन निरनिराळ्या मात्रांत ही लस दिली गेली व तुलनेसाठी निवडलेल्या ९ जणांस काविळीच्या ब प्रकारावरील प्रचलित लस. गंभीर अपाय कोणास झाला नाही. दोन प्रथिनांपैकी एकाविरुद्ध सर्वांच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण झाली, दुसऱ्याविरुद्ध मात्र फारच क्षीण प्रतिसाद मिळाला. वर्षानुवर्षांच्या परिश्रमांचा अर्धा भाग असा निष्फळ ठरला, आणि तो तसा ठरला हे शास्त्रज्ञांनी लपविले नाही. त्या ४५ जणांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. रोग त्यांस नव्हता, लाभाची आशाही नव्हती. तरी त्यांनी आपला दंड पुढे केला.

ते प्रौढ होते, आपल्या देहाचे धनी होते. आर-२१ ची गोष्ट निराळी. तिची मोठी परीक्षा बुर्किना फासो, माली, केनिया व टांझानिया या चार देशांत झाली. ५ ते ३६ महिने वयाची सुमारे ४,८०० बालके तीत होती. दर तिघांतील दोघांस हिवतापाची लस व तिसऱ्यास अलर्क रोगाची म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस, अशी वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दैवाधीन ठेवली होती. पहिल्या वर्षात, ऋतुमानाने हिवताप येणाऱ्या भागांत सुमारे ७५ टक्के व बारमाही हिवतापाच्या भागांत सुमारे ६८ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. हे आकडे कसे मिळाले? ज्यांस ती लस मिळाली नाही त्या बालकांपैकी किती आजारी पडली, हे मोजून. मच्छरदाण्या सर्वांस दिल्या होत्या, औषधोपचारही होता. तथापि त्या तिसऱ्या बालकाचा ताप हा त्या पुराव्याचा एक अंश आहे, हे सत्य कटू असले तरी उच्चारले पाहिजे. मावशीच्या प्रश्नाचे शब्दशः उत्तर हेच.

येथे दोन पूर्वपक्ष उभे राहतात.

पहिला असा: पालकाने समजून-उमजून संमती दिली, चाचणीस नीतिसमितीची अनुमती होती, अपाय झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद होती; मग कोणाचे कोणाकडे काही येणे उरले नाही. कराराप्रमाणे व्यवहार पुरा झाला. आम्ही ज्या व्यवसायात आहोत तेथे हाच विचार रोज कानी पडतो. तो अगदीच टाकाऊ नाही. संमतीची उपेक्षा झाली की काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. २००९ साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील बडोदा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो मुलींस देण्यात आली. वसतिगृहांत राहणाऱ्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, असे चौकशीत आढळले. २०१० मध्ये तो उपक्रम थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मुलींच्या मृत्यूंशी त्या लसीचा संबंध चौकशीत जोडता आला नाही, हे खरे. पण लस निर्दोष असली म्हणून संमतीतील दोष धुऊन निघत नाही.

तेव्हा संमती हवीच. परंतु तिचे सामर्थ्य किती? आपलाच कायदा पाहा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या आठव्या कलमान्वये, न्यायालयाच्या पूर्वानुमतीवाचून बापास अज्ञान मुलाच्या मालकीचे स्थावर विकता वा गहाण ठेवता येत नाही. न्यायालयही ती अनुमती देते ती गरज असेल वा मुलाचे उघड हित असेल तरच. म्हणजे मुलाच्या चार गुंठे जमिनीवर कायद्याचा असा पहारा आहे. त्याच मुलाचे रक्त मात्र पालकाच्या सहीने परीक्षेस देता येते. जाणत्या मुलाचा होकार व नीतिसमितीची देखरेख हे पहारे तेथेही आहेत. पण त्या व्यवहाराचा हेतू केवळ त्याच मुलाचे हित हा नसतो. तो पुढे येणाऱ्या असंख्य मुलांच्या हितासाठी असतो. पालक आपल्या मुलाच्या वतीने मुलाचे हित सांभाळू शकतो. मुलाच्या वतीने परोपकार करण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? या प्रश्नास निर्दोष उत्तर आम्हांस तरी सापडलेले नाही. अपाय अत्यल्प असावा व त्या मुलासही काही लाभाची आशा असावी, या मर्यादांनी कायदा त्या प्रश्नास कुंपण घालतो. तो नाहीसा करीत नाही.

आणखी एक गोष्ट. १८७२ च्या करार अधिनियमाचे सोळावे कलम सांगते की, आजारपणाने वा शारीरिक-मानसिक क्लेशाने ज्याची विवेकशक्ती क्षीण झाली आहे, त्याच्याशी करार करणारा त्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असतो. १९५१ साली चांदनीच्या फलाटावर कोणी डॉक्टर येऊन आमच्या आजीस म्हणता की, "हे औषध अजून सिद्ध झालेले नाही, पण द्यावे काय?" तर आजीने विचारण्यापूर्वीच हात पुढे केला असता. तीस संमती म्हणावे काय? मावशीस आम्ही हे विचारले. ती म्हणाली, "आईनं अंगठा दिला असता रे. पण तो तिनं दिला नसता, भीतीनं दिला असता."

यावरून दुसरा पूर्वपक्ष निघतो: गरिबाची व भयग्रस्ताची संमती खरी नसतेच, तेव्हा अशा चाचण्या गरीब प्रदेशांत होऊच नयेत. हे बोलणे दयेचे वाटते, पण त्याचा परिणाम दयेचा नाही. हिवताप ज्या गावी आहे तेथेच त्याच्या लसीची खरी परीक्षा होऊ शकते. २०२३ या एका वर्षात जगात सुमारे ५,९७,००० माणसे हिवतापाने गेली. त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील आणि त्यांतही बहुतेक पाच वर्षांखालील बालके. परीक्षा थांबविली तर त्या गावांस मिळेल ते एवढेच, की त्यांचा ताप त्यांच्यापाशी राहील. शिवाय गरीब मनुष्यास आपल्या देहाविषयी निर्णय घेताच येत नाही असे म्हणणे, हा त्याचा दुसरा अपमान होय.

मग सिद्धान्त काय? आमच्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. संमती म्हणजे सर्व काही, असे दोघेही समजतात. एक म्हणतो, ती मिळाली की सर्व फिटले. दुसरा म्हणतो, ती शुद्ध नसेल तर सर्व बुडाले. वस्तुतः संमतीने मिळते ती परवानगी. तिने ऋण फिटत नाही. उलट तेथून ऋण सुरू होते. शेजाऱ्याने संकटसमयी आपले दार उघडले, तर त्याच्या संमतीने आपण आत गेलो म्हणून त्याच्या उपकारातून मुक्त झालो असे कोणी सुसंस्कृत मनुष्य म्हणणार नाही.

आपल्या परंपरेत देव, ऋषी व पितर यांच्या तीन ऋणांची गोष्ट सर्वपरिचित आहे. महाभारताच्या आदिपर्वात पांडूने मात्र चार ऋणे सांगितली असून चौथे मनुष्यऋण आहे. यज्ञाने देवांचे, स्वाध्याय व तपाने ऋषींचे, संततीने व श्राद्धाने पितरांचे ऋण फिटते. आणि मनुष्यांचे फिटते ते आनृशंस्याने, म्हणजे क्रूरतेचा लवलेशही नसलेल्या वर्तनाने. येथे दान वा उपकार हा शब्द योजिलेला नाही, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ज्या मनुष्याचे नाव आपणांस ठाऊक नाही, ज्यास आपण कधी भेटणार नाही, त्याचेही आपण देणेकरी असू शकतो; आणि ते देणे पैशाने नव्हे, त्याच्याशी निष्ठुर न होण्याने फेडावयाचे असते.

हिवतापाचा इतिहास अशा देण्यांनी भरलेला आहे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात परजीवी पाहिला. ते डास हुसेनखान नावाच्या रुग्णास चावविले होते आणि त्यास दर डासामागे एक आणा दिला होता. रॉस यांस १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणा देऊन व्यवहार पुरा झाला. ऋण पुरे झाले काय? त्याच वर्षी जानेवारीत मुंबईस वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगाची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली व नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांस टोचली. बंदिवानाची संमती कितपत मोकळी असते हा प्रश्न तेथेही उरतोच. पण जो धोका दुसऱ्यास घ्यावयास सांगावयाचा तो आधी आपण घ्यावा, ही बुद्धी आनृशंस्याच्या जवळची होती, हे मान्य करावे लागेल.

तर हे ऋण कसे फेडावे? आम्हांस तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, जे गाव परीक्षेस उभे राहिले, त्यास परीक्षेचे फळ सर्वांच्या आधी मिळावे. विशेषतः तुलनेसाठी जे वंचित राहिले त्यांस. तुलनेच्या मुलांस अलर्काची वा काविळीची लस देऊन रिकाम्या हाती न पाठविणे हा या विचाराचा आरंभ आहे, शेवट नव्हे. दुसरी, निष्फळ ठरलेली परीक्षाही प्रसिद्ध व्हावी. ती दडविणे म्हणजे ज्याने दंड पुढे केला त्याचे देणे बुडविणे. तिसरी, प्रयोग चालू असता त्यास प्रयोगच म्हणावे. २०१९ पासून घाना, केनिया व मलावी येथे 'आरटीएस,एस' या आधीच्या लसीचा पथदर्शी उपक्रम झाला. मूल लसीकरणास आणले यातच आईबापांची संमती गृहीत धरली, असा आक्षेप २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून घेतला गेला. उपक्रमाचा हेतू शुद्ध होता आणि त्यातून मिळालेले ज्ञान उपकारक ठरले. तरी आईस सर्व काही सांगण्याने जर एखादे मूल कमी आले असते, तर ते कमी येणे हाच त्या आईचा अधिकार होता.

हा प्रश्न दूरच्या आफ्रिकेचा, असे समजण्याचे कारण नाही. २०२५ च्या जुलैत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 'ॲडफाल्सीवॅक्स' ही भुवनेश्वर येथे सिद्ध केलेली नवी पुनःसंयोजित लस जाहीर केली व ती पुढे नेण्यासाठी उत्पादकांस पाचारण केले. तिचे प्रथिन घडविणारा सूक्ष्मजीव ताक-विरजणाच्या जंतूंच्या कुळातला आहे. या लसीचे दोन हेतू आहेत: टोचून घेणाऱ्याचे रक्षण करणे, आणि त्याच्या रक्तातून डासात व डासातून शेजाऱ्याकडे जाणारा परजीवी रोखणे. या दुसऱ्या कार्यात सुई एकाच्या दंडात व लाभ दुसऱ्याच्या घरी, असा प्रकार आहे. एकाने दुसऱ्यासाठी सोसणे हे आजवर परीक्षेपुरते होते. येथे ते औषधाच्या स्वभावातच आले. अशी लस माणसांतील परीक्षेस उभी राहील तेव्हा ती ओडिशा, छत्तीसगड वा गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या रानांतच राहू शकेल. मुंबई-मडगावच्या सुखवस्तू वस्त्यांत नव्हे.

तेव्हा आपण काय करावे? आपला समाज विद्याव्यासंगी म्हणविला जातो; वैद्य, वकील, शिक्षक आपल्यांत पुष्कळ आहेत. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांत एक तरतूद आहे. ज्यास लिहिता-वाचता येत नाही त्याची संमती घेताना एक निःपक्षपाती साक्षीदार अथपासून इतिपर्यंत हजर असला पाहिजे व त्याने स्वतःची सही केली पाहिजे. ही जागा बहुधा जो हाताशी सापडेल त्याने भरली जाण्याची भीती असते. ती आपण जाणीवपूर्वक भरावी. त्या आईच्या बोलीत, कोरकूत वा गोंडीत, कागद समजावून देणारा कोणी बरोबर न्यावा. "नाही म्हटलेस तरी दवाखाना तुझाच आहे" हे तिला दोनदा सांगावे. तिने नकार दिला तर तोही तितक्याच आदराने लिहून घ्यावा. आणि होकार दिला तर वर्षभराने पुन्हा जाऊन मूल कसे आहे हे विचारावे. ज्या मुलांच्या तापातून आपणांस पुरावा मिळाला त्यांपर्यंत आपण पोहोचू शकत नाही. त्यांचे देणे पुढच्या मुलापाशीच फेडावे लागेल.

चांदनीहून परत निघताना आम्ही फलाटावर गाडीची वाट पाहत होतो. आम्ही मावशीस या नियमातील साक्षीदाराविषयी सांगितले. ती बराच वेळ रुळांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा आईजवळ तसं कुणी बसलं असतं, तर बरं झालं असतं. भाऊ वाचला नसताही. पण ती एकटी नसती."